एकाच नळीतले दोन स्यूडोमोनस

आयसीयूतून रेसिडेंटचा फोन आला. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या श्वासनलिकेत घातलेल्या नळीतून काढलेल्या स्रावाचं कल्चर (त्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघायची तपासणी) पुन्हा आमच्या मायक्रोबायोलॉजी लॅबकडे आलं होतं.

"मॅडम, मागच्या रिपोर्टलाही स्यूडोमोनस जंतूच होता. तेव्हा ना ताप, ना एक्स-रेत काही, म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. मग आता एकदम काय बिनसलं?"

प्लेटवर कॉलनी दोन तऱ्हेच्या होत्या. एक पसरट, भोवतालचं माध्यम निळसर हिरवं करून टाकणारी. झाकण उचललं की द्राक्षासारखा गोडसर वास. (प्लेट हुंगू नये असं आम्हीच विद्यार्थ्यांना बजावतो, पण हा वास आपणहून नाकाशी येतो.) दुसरी फिकट, चपटी आणि पृष्ठभागावर धातूसारखी चकाकी असलेली. दोन्ही स्यूडोमोनस एरुजिनोसाच. सेन्सिटिव्हिटीही, म्हणजे कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं तेही, सारखंच.

त्या चकाकीने शंका आली, म्हणून दोन्ही दूध घातलेल्या अगारवर टोचून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी हिरवीभोवती दूध पचून स्वच्छ कडं पडलेलं, चकाकणारीभोवती दूध जसंच्या तसं पांढरं.

हा जंतू एकमेकांना संकेत म्हणून होमोसेरीन लॅक्टोन जातीचे रेणू सतत बाहेर सोडत असतो. संख्या विरळ असेपर्यंत ते वाहून जातात. नळीच्या आत बायोफिल्मचा थर धरून गर्दी झाली, की त्यांची पातळी चढते, ते पेशीतल्या 'लासआर' प्रथिनाला चिकटतात आणि एकेक शस्त्र बाहेर येतं: फुप्फुसाच्या ऊती कुरतडणारं इलास्टेज एन्झाइम, पांढऱ्या पेशी फोडणारी रॅम्नोलिपिड्स, तो निळा पायोसायनिन. संख्येवर ठरणारं असं वागणं १९७० मध्ये चमकणाऱ्या सागरी जंतूंत टिपलं गेलं. 'क्वोरम सेन्सिंग' हे नाव पडलं १९९४ मध्ये.

चकाकणारीत बहुधा लासआरच बिघडलेलं. ती हाक ऐकत नाही, एन्झाइम बनवायचा खर्च करत नाही, शेजारणीने पचवलेल्यावर मात्र जगते. फुकटी!

अर्थात सगळं खापर संकेतांवर फोडणं मला पटत नाही. पेशंटची ढासळलेली प्रतिकारशक्ती, साचलेला स्राव, हेही असतंच.

"मग हे बोलणंच बंद पाडणारं औषध?" रेसिडेंटचा पुढचा प्रश्न.

अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक नेहमीच्या डोसमध्ये स्यूडोमोनसला मारत नाही, पण हे संकेत मंदावतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये ते वापरून पाहिलं, तेव्हा गंमत झाली: एन्झाइम बनवणंच थंडावल्यावर फुकट्यांचा फायदा संपला आणि बोलणारे, जास्त घातक जंतूच टिकून राहिले. एवढं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे जंतू थेट मारणारं आपलं मेरोपेनेमच बरं."

रिपोर्टच्या फॉर्मवर संकेतांसाठी रकाना नाही. शेऱ्यात मी लिहिलं: दोन प्रकारच्या कॉलनी, संवेदनशीलता समान. फोनवर एवढंच सांगितलं, की नळी जितक्या लवकर काढता येईल तेवढं बघा, थर तिच्यातच आहे. तो म्हणाला, सकाळी वीनिंग करून, म्हणजे व्हेंटिलेटरचा आधार हळूहळू कमी करून बघतो.