पँटला चिकटलेला कापूस

डिसेंबर २०१४ मधल्या एका संध्याकाळी मी घरी परतलो, तेव्हा माझ्या पँटला मागच्या बाजूने कापसाचे पुंजके चिकटलेले होते. पत्नीने ते एकेक करून वेचले आणि सहज विचारले, “आज कोणाच्या घरी गेले होते?” मी गावाचे नाव सांगितले, गट नंबर सांगितला, पीककर्ज देणाऱ्या सोसायटीची थकबाकी किती तेही सांगितले. ज्या माणसाच्या मृत्यूची चौकशी करून मी आलो होतो, त्याचे नाव मात्र मला आठवेना. दोन तासांपूर्वी ते मी स्वतःच्या हाताने पाच ठिकाणी लिहिले होते.

मी तलाठी होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या साझ्यांवर तेहेतीस वर्षे काम करून २०२० साली निवृत्त झालो. (पुढे २०२४ मध्ये या पदाचे नाव ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे झाले, मला मात्र लोक अजून तलाठीसाहेबच म्हणतात.) शेतकऱ्याने जीवन संपवले की पोलिसांपाठोपाठ त्या घरी जाणारा माणूस तलाठी असतो. सातबारा, आठ-अ, बँकेचा आणि सोसायटीचा थकबाकीचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल, त्या वर्षीची पैसेवारी (पीक किती आले त्याचा सरकारी अंदाज), शेजाऱ्यांचे जबाब हे सगळे गोळा होऊन तहसीलमार्फत प्रस्ताव वर जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने पात्र प्रकरणाला एक लाख रुपयांची मदत ठरली, त्यांतले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. माझी नोकरी संपेपर्यंत तो आकडा हलला नाही. नापिकी, कर्जफेडीची असमर्थता आणि वसुलीचा तगादा या कारणांत मरण बसले तर पात्र, नाही तर अपात्र. मरणाला पात्रता लावण्याची ही भाषा पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला होता. काही वर्षांनी मीच चावडीत बसून कोतवालाला विचारत होतो, “हे बसते का रे?”

त्या डिसेंबरातल्या घराचे चित्र मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि गंमत अशी की ते त्या दिवशी दिसले नव्हते, नऊ महिन्यांनी दिसले. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ४,०५० रुपये होता, बाजारात त्याहून खाली मागत होते, म्हणून भाव वाढेल या आशेवर पुढच्या खोलीत छातीभर उंचीचा कापूस भरून ठेवलेला होता. बसायला जागा नव्हती; त्या ढिगाला पाठ टेकेल अशी एक खुर्ची माझ्यासाठी ठेवली. दहा-अकरा वर्षांचा मुलगा ढिगावरच पालथा पडून माझ्या कागदांकडे बघत होता. “बसा साहेब, चहा मांडतो,” असे म्हणून बाई आत जायला निघाल्या, तेव्हा मी त्यांना थांबवले, कारण पाचच्या आत मला तहसील गाठायची होती. वसुलीला कोणी आले होते का, आले असल्यास तारीख कोणती, असे मी विचारले. त्या थोडा वेळ कापसाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हा त्यायनंच वेचला जी, मांगच्या हप्त्यात.” मी रकान्यात लिहिले : तारीख सांगता येत नाही.

प्रकरण पात्र ठरले. तेवढ्यावर त्या घराबाबतचे आपले काम संपले, असे मी धरून चाललो.

हा बधिरपणा एका दिवसात आलेला नव्हता. सुरुवातीच्या वर्षांत असे घर करून आलो की मला रात्री जेवण जात नसे. २००६ साली पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, तिथल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, आणि गावागावांत कॅमेरे फिरू लागले. अशा घरातल्या बाईंना तेच प्रश्न चौथ्यांदा विचारून डोळे पुसणाऱ्या पाहुण्यांचा मला मनस्वी राग येई. त्यांच्यापेक्षा मी बरा, निदान रडण्याचे नाटक तरी करत नाही, असे मी स्वतःला सांगत असे. पुढे पुढे तो रागही येईनासा झाला. २०११ मध्ये वडील गेले तेव्हा सकाळी अंत्यविधी उरकून दुपारपर्यंत मी त्यांच्या मृत्यूची नोंद आणि आमच्या वावराच्या फेरफाराचा, म्हणजे मालकीतल्या बदलाच्या नोंदीचा, अर्ज तयार केला होता. नातेवाईक म्हणाले, माणूस खंबीर आहे. मला स्वतःलाही तसेच वाटले. थंडीत तुरीच्या सोल्यांची भाजी हा माझा जीव की प्राण. पत्नीने ती तीन दिवस लागोपाठ केली तरी माझ्या लक्षात आले नाही, तेव्हा चौथ्या दिवशी तिने ताट सरकवताना नुसते माझ्या तोंडाकडे बघितले. ती भांडली असती तर बरे झाले असते.

तिच्याच आग्रहाने जून २०१५ मध्ये मी जिल्ह्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरबाईंनी झोप, भूक, मरणाचे विचार यांची नीट विचारपूस केली, मला नैराश्य असल्याचे सांगितले आणि काही महिने गोळ्या दिल्या. दुःखाचा मारा सतत झाला की मन दार लावून घेते, पण ते दार निवडक लागत नाही, दुःखाबरोबर आनंदही बाहेरच राहतो, हे त्यांनी मला समजावले. माझ्या पिढीच्या नोकरदार माणसाला या खोलीत शिरायची किती लाज वाटते ते मी जाणतो; म्हणून हेही लिहितो की गोळ्यांनी मला झोप दिली आणि झोपेशिवाय पुढचे काहीच झाले नसते. आता २०२२ पासून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येते. त्याच २०१५ साली शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तो योग्यच होता. पंचनामे लिहिणाऱ्यांना कोणी काही विचारावे, असे मात्र कोणाच्या मनात आल्याचे मला दिसले नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची व्याख्या केली. शक्ती संपणे, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याबद्दल कडवटपणा येणे आणि काम हातून नीट न होणे, ही त्यातली तीन लक्षणे वाचताना मला माझेच गोपनीय अहवाल वाचल्यासारखे वाटले.

पण डॉक्टरांनी दिलेल्या या समजुतीचा मी एक गैरफायदाही घेतला, आणि खरे तर तेच सांगण्यासाठी हे लिहायला बसलो आहे. आपण आजारी आहोत, कामाने आपल्याला असे केले, हे कळल्यावर मला जो सुटकेचा आनंद झाला तो जरा जास्तच होता. एका रात्री जाग आली आणि मनात प्रश्न आला की, मला काही वाटत नाही याचा मला त्रास होतो हे खरे, पण काही न वाटण्याने माझी सोय किती झाली? जुन्या सवयीने मी एक कोरी वही काढली आणि तीन रकाने आखले. पहिल्यात नाव, दुसऱ्यात त्या घराचे माझ्याकडे असलेले काम, तिसऱ्यात ते न होण्याचे कारण. गावात लहानपणी सामुदायिक प्रार्थनेला बसायचो, तेव्हा दिवसभरात आपण काय केले ते शांतपणे आठवा असे थोर माणसे सांगायची आणि आम्ही पोरे डोळे किलकिले करून एकमेकांना चिमटे काढायचो. ती बैठक मला पन्नाशी उलटल्यावर अशी करावी लागली.

वहीत अकरा नावे झाली. त्यांतली चार मला आठवत नव्हती, ती चावडीतल्या दप्तरातून शोधावी लागली. दुसरा रकाना भरणे सोपे होते : निराधार योजनेचा अर्ज पुढे पाठवायचा राहिला, कुटुंब लाभ योजनेचे २० हजार मिळू शकतात हे सांगितलेच नाही, असे. तिसऱ्या रकान्याशी मी दोन आठवडे झगडलो. प्रत्येक ठिकाणी हात आपोआप ‘कामाचा ताण’ लिहू लागे. तो ताण खोटा नव्हता. पण कापसाच्या घरापुढे तसे लिहिणे मला जमेना, कारण तिथले खरे कारण मला पाठ होते.

त्या बाईंनी जानेवारीतच वारस नोंदीसाठी अर्ज दिला होता. काम सरळ होते. वारसांची नोंद गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत घ्यायची, फेरफार लिहायचा, नोटीस काढायची, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. पण अर्ज आल्याच्या आठवड्यात त्यांचा दीर मला बसस्टँडवरच्या हॉटेलात भेटला, चहा पाजला आणि म्हणाला, “थांबा ना साहेब, घरचंच हाये, आमी बसून मिटवतो.” त्याने लेखी हरकत दिली नव्हती, दिली असती तर तक्रार नोंदवहीत घेऊन सुनावणीला पाठवणे माझ्यावर बंधनकारक होते. मी पैसे घेतले नाहीत. मी फक्त थांबलो. भांडणात पडायचे नव्हते, दीर गावात वजनदार होता, आणि बाई दर पंधरा दिवसांनी येऊन चावडीच्या पायरीवर बसायच्या तेव्हा मला काही वाटत नव्हते, म्हणून थांबणे सोपे गेले. सातबारावर नाव नाही म्हणून सोसायटीने खरिपाचे पीककर्ज दिले नाही आणि त्यांनी बियाणे, खत उधारीवर, व्याजाने उचलले. ज्या घरातल्या मरणाच्या कारणात मी स्वतः कर्ज लिहिले होते, त्या घराला नवे कर्ज माझ्या चहाने झाले. तिसऱ्या रकान्यात मी ‘दिराची भीड’ असे लिहिले, मग ते खोडून ‘मी’ असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी नोटीस काढली आणि बाईंच्या घरी जाऊन सांगितले की ही नोंद माझ्यामुळे राहिली, दिरामुळे नाही, कारण त्याचे ऐकायला मी बांधलेला नव्हतो. त्या रागावतील, रडतील, काही तरी म्हणतील अशी माझी अपेक्षा होती; अपेक्षा कसली, आशाच होती, कारण त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला मोकळे वाटले असते. त्या म्हणाल्या, “काय बोलू जी आता. पेरनं तं होऊन गेलं.” क्षमा मिळाली की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. दीर महिनाभर माझ्याशी बोलला नाही, एवढाच मला भोगावा लागलेला परिणाम. ऑगस्टमध्ये फेरफार प्रमाणित झाला आणि मी सातबाराचा उतारा नेऊन दिला. मुलाने आधी आईचे नाव वाचले, मग स्वतःचे, आणि त्यापुढचे ‘अ.पा.क.’ म्हणजे काय ते विचारले. अज्ञान पालन कर्ता, म्हणजे तू मोठा होईपर्यंत आई तुझ्या वतीने सांभाळणार, असे मी सांगितले. त्या क्षणी मला भरून आले असे लिहायला मला आवडले असते. आले नाही. मी मोटारसायकल काढली आणि पुढच्या गावाला गेलो.

जे यायचे ते दुसऱ्याच पत्त्यावर आले. सप्टेंबरात पोळा होता. गावाकडे तोरणाखाली बैल उभे होते, म्हातारी माणसे झडत्या, म्हणजे पोळ्याची पारंपरिक कवने, म्हणत होती, आणि एकाने नेमकी माझे वडील दरवर्षी म्हणायचे ती झडती म्हटली, शेवटच्या ओळीवर त्यांच्यासारखाच अडखळून. मला मारुतीच्या देवळामागे जावे लागले. चार वर्षांपूर्वी रडायचे ते मी तिथे भिंतीला धरून रडलो, आणि डोके जरा शांत झाल्यावर ध्यानात आले की कापसावर पालथा पडलेला तो मुलगा मला दिसतो आहे, त्याच्या पायाच्या तळव्याला चिकटलेल्या सरकीसकट. त्या रात्री मी पत्नीला त्याच्या बापाचे नाव सांगितले. इथे ते लिहीत नाही, ते त्या घराचे आहे.

त्यानंतर मी हळवा झालो असे मुळीच नाही. बरेचदा आधी चिडचिड परत आली, मग लाज, आणि हसू तर फार उशिरा. कित्येक दिवस पुन्हा कोरडे जात. असा कोरडा दिवस आला की मी वही उघडत असे, कारण काही वाटण्याची वाट बघत बसण्यापेक्षा कोणाचे काम अडले आहे ते बघणे मला जमण्यासारखे होते.

अकरांपैकी दहा ओळींवर रेघ ओढून झाली आहे. अकरावे कुटुंब माझी बदली होण्याच्या आधीच गाव सोडून वीटभट्टीवर गेले. त्यांच्या शेजाऱ्यांकडे मी दोनदा जाऊन आलो आहे. दिवाळीला ते घर झाडायला येतात, असे मागच्या खेपेला त्यांनी सांगितले.