आमची वाटचाल : विहिरीतल्या मोटारीपासून बोटीतल्या मोरीपर्यंत

आमचं दुकान शहाद्यात, प्रकाशा रोडला. अण्णांनी म्हणजे वडिलांनी सुरू केलं तेव्हा काम एकच, विहिरीतली मोटार काढायची, जळालेली वाइंडिंग उपसायची, नवीन भरायची आणि रात्रीची लाइट यायच्या आत शेतकऱ्याला परत द्यायची. केळी-पपईवाला माणूस दारात उभा असला की अण्णा त्याला उद्या या असं कधी म्हणाले नाहीत. मी आयटीआय करून त्यांच्याच शेजारी बसलो, सबमर्सिबल, मोनोब्लॉक, फुटवॉल, स्टार्टर, हेच आमचं जग.

बोटीचं काम आमच्याकडे वाट वाकडी करूनच आलं. २०१९ ला सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठच्या पाड्यांची बोटीवरची भिस्त आणखीनच वाढली. त्यानंतर एकदा एका बोटीवाल्यांचा फोन आला, बोटीत कर्मचारी चार-चार दिवस मुक्कामी राहतात, छोटं न्हाणीघर आहे, त्यातलं पाणी बाहेर काढायला पंप हवाय. आता न्हाणीचा तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली, त्यामुळे घरच्या मोरीसारखा उतार देता येत नाही, पाणी आधी डब्यात जमा करून उचलूनच बाहेर टाकावं लागतं. मी म्हटलं यात काय, १२ व्होल्टचा छोटा पंप आणि फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारं आणि उतरलं की बंद करणारं बटण. बॅटरीजवळ मिळाली ती वायर जोडली, डबा फळीखाली बसवला, वरून सहा स्क्रू मारले आणि घाट चढून घरी आलो.

तीन आठवड्यांनी त्यांच्या ड्रायव्हरचा फोन, "भाऊ, मोटर फिरस पन पानी चढत नही."

गेलो. सहा स्क्रू काढले, फळी उचलली आणि वासच आला. इम्पेलरभोवती, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्राभोवती, केसांची दोरी वळलेली, बोटाएवढी जाड, आणि डब्याच्या भिंतीला साबणाचा पांढरा चिकट थर, नखाने खरवडला तर लोण्यासारखा निघत होता. तोच थर फ्लोटच्या बिजागरीत बसलेला, फ्लोट वरच अडकला होता म्हणून पंप रात्रभर कोरडा फिरला, बॅटरी उतरली, सकाळी इंजिन सुरू होईना. त्या दिवशी एका पाड्यावर जायचं राहून गेलं. बोटीतल्या नर्सताई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "भाऊ, जाळी कुठे आहे ते आम्हाला दाखवलंच नाही तुम्ही." जाळी फळीखाली होती आणि स्क्रू ड्रायव्हर बोटीत नव्हता. हे वाक्य मला अजून ऐकू येतं.

विहिरीच्या मोटारीला गाळ आणि लाइट हे शत्रू, इथे केस आणि साबण. ते समजल्यावर सगळं परत पहिल्यापासून केलं.

पंप निवडताना लेबलवरचा आकडा धरून बसू नका. ५०० गॅलन ताशी म्हणजे मिनिटाला ३१ लिटरच्या आसपास, पण तो शून्य उंचीचा आकडा असतो. आम्ही दुकानातच नळी दीड मीटर वर बांधून बादली आणि मोबाइलचं घड्याळ लावून बघतो, तोच पंप निम्म्यावर येतो. शॉवर मिनिटाला ८ लिटर देत असेल तर तेवढंही पुरतं, पण वायर बारीक असली की तेही मिळत नाही. ५ अँपियरचा पंप बॅटरीपासून ५ मीटरवर, जाऊन येऊन १० मीटर तार, ०.७५ चौरस मिमीची घातली तर एक व्होल्टपेक्षा जास्त रस्त्यातच जातो, २.५ ची घातली तर साधारण पाव-अर्धा व्होल्ट. घरच्या २३० मध्ये एक व्होल्ट कुणी मोजत नाही, १२ मध्ये तो मोजावाच लागतो. आणि फ्यूज बॅटरीजवळच, पंपाजवळ नाही.

दुसरी गोष्ट नळी. आतून रिंगा असलेला स्प्रिंग पाइप वाकायला सोपा म्हणून सगळे घेतात पण प्रत्येक रिंगेत साबण बसतो, आतून गुळगुळीतच घ्या. इम्पेलरवाला पंप बंद झाला की नळीतलं पाणी उलटं डब्यात येतं, १९ मिमीच्या नळीत मीटरला २८० मिली धरा, तीन मीटरचं पाऊण लिटरच्या वर झालं. डबा लहान असला तर तेवढ्याने फ्लोट परत उठतो आणि पंप चालू-बंद, चालू-बंद होत राहतो. लोक त्यावर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवतात, मग एनआरव्हीत केस अडकतात. माझं मत, डबा मोठा घ्यावा.

पण त्या बोटीत मी शेवटी डायफ्रामचा पंप बसवला. त्यात रबरी पडदा पुढे-मागे होतो, स्वतःच पाणी ओढून घेतो, थोडा वेळ कोरडा चालला तरी लगेच जळत नाही, आणि मुख्य म्हणजे तो खाली न्हाणीजवळ ठेवावा लागत नाही, कपाटात कमरेच्या उंचीवर बसतो. त्याच्याआधी पारदर्शक झाकणाची जाळी, हाताने फिरवून उघडणारी, केस बाहेरूनच दिसतात. जाळी मात्र हवीच, एक केस जरी त्याच्या व्हॉल्व्हखाली बसला तर पंप नुसता धडधडतो. आवाज असतो त्याचा, रात्री झोपमोड होते म्हणून खाली रबराचे बुश दिले.

पाणी सोडायचं कुठे यावर माझं आणि मालकांचं जरा वाजलं. थेट नर्मदेत सोडणं सोपं होतं, पण त्याच काठावर बाया हंडे भरतात. मी अडून बसलो. आता पाणी वरच्या १०० लिटरच्या टाकीत जातं आणि काठाला लागल्यावर पाइप जोडून वर झाडांच्या खड्ड्यात सोडतात. टाकीला हवेची नळी ठेवली, नाहीतर आत दाब होतो आणि पंपावर जोर येतो.

देखभाल म्हणाल तर दर मुक्कामाला जाळी धुवायची, १५ दिवसांनी डबा कोमट पाणी आणि व्हिनेगरने घासायचा आणि फ्लोट हाताने उचलून बघायचा की पंप सुरू होतो का, सोडल्यावर बंद होतो का. ड्रेन मोकळा करायचं अॅसिड अजिबात ओतायचं नाही, रबर जातं. पडदा आणि व्हॉल्व्हचं किट पावसाळ्याआधी बदलायचं, कारण पावसाळ्यात घाट बंद झाला की आम्ही पोचू शकत नाही.

आता आमच्याकडे अशा पाच बोटी आहेत. शेतीच्या मोटारींपुढे हे काम थोडंच, पण अण्णा अजून विचारतात, बोटीवाल्यांचं किट पाठवलं का. प्रत्येक बोटीत एक जादा किट बरणीत घालून पंपाशेजारीच बांधलेलं असतं, जाळी उघडायला हत्यार लागत नाही, आणि काम झाल्यावर बोटीत राहणाऱ्या माणसाकडून ती एकदा उघडून-लावून घेतल्याशिवाय मी बिल लिहीत नाही.