रात्री अडीचला ९९९ लावायचा की नाही? केअर होममधला माझा अनुभव

मी मूळची सांगलीची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेलं, पण इंग्लंडमध्ये नर्सचं रजिस्ट्रेशन अजून व्हायचंय म्हणून सध्या केअर होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना ठेवून सांभाळतात तिथे, सीनियर केअरर आहे. आमचं होम रेसिडेन्शियल, म्हणजे जागेवर नर्स नसते, डिस्ट्रिक्ट नर्स बाहेरून येऊन इन्सुलिन आणि ड्रेसिंग करून जाते. नवीन आलेले बरेच जण विचारतात की रात्री एखाद्या रेसिडेंटला बरं नसलं तर काय करायचं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी लागले तेव्हा उत्तर एकच होतं, ९९९, म्हणजे इथला इमर्जन्सी अँब्युलन्सचा नंबर. ताप आला ९९९, पडले ९९९, जरा असंबद्ध बोलायला लागले की ९९९. खरं सांगू का, निम्म्या वेळा कारण आजार नसायचं, आमची भीती असायची. रात्री फ्लोअरवर दोघी, मॅनेजर घरी, आणि उद्या काही झालं तर सगळे फाइल उघडून विचारणार की अँब्युलन्स का नाही बोलावली, बोलावली तर कुणी काही विचारत नाही! मग नव्वदीची डिमेन्शियावाली बाई रात्रभर ए अँड ईमध्ये (हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात) ट्रॉलीवर, ओळखीचं कुणी नाही, चष्मा आणि कवळी इकडेच राहिलेली. पार्किन्सन्सचे एक आजोबा होते, त्यांच्या गोळ्या मिनिटाला मिनिट द्याव्या लागतात, त्या तिकडे मागेपुढे झाल्या की ताठ होऊन परत यायचे. आणि या वयात आठवडाभर पलंगावर काढला की पायातली गेलेली ताकद सहसा परत येत नाही, वॉकर घेऊन गेलेला माणूस व्हीलचेअरवर येतो.

मग आमच्याकडे रिस्टोअर २ चं, म्हणजे तब्येत बिघडतेय हे लवकर ओळखायच्या पद्धतीचं, ट्रेनिंग झालं. मला वाटलं अजून एक फॉर्म आला भरायला. पण त्याची सुरुवात मशीनपासून नाही, बारीकसारीक बदलांपासून होते, म्हणजे नेहमी बडबडणारा गप्प झाला, जेवण टाकलं, चालताना आज जास्त आधार घेतोय. घरी आई म्हणायची ना, 'आज पोराचं काहीतरी बिनसलंय', अगदी तेच. त्यानंतर न्यूज २ चा स्कोअर: श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, टेम्परेचर आणि माणूस शुद्धीवर आहे का, की नव्यानेच गोंधळलाय. ५ झाला तर तातडीने डॉक्टरला दाखवायचं, ७ किंवा वर गेला तर इमर्जन्सी. फोनवर 'ही इज नॉट वेल' म्हणण्यापेक्षा 'काल १ होता, आज ४ आहे' म्हटलं की पलीकडचा माणूस लगेच नीट ऐकतो, हा फरक मी स्वतः बघितलाय.

एक उदाहरण सांगते. आमच्या एका आजीबाईंनी दोन दिवस चहा अर्धा सोडला, बोलणंही जरा भरकटलेलं. स्कोअर फार नव्हता. पूर्वी लगेच लघवीत डिपस्टिक (तपासायची पट्टी) बुडवायची, पॉझिटिव्ह आली की यूटीआय म्हणजे लघवीचं इन्फेक्शन, अँटिबायोटिक, नाहीतर हॉस्पिटल. आता पासष्टीच्या पुढे डिपस्टिकवरून यूटीआय ठरवायचा नाही असं सांगतात, कारण केअर होममधल्या निम्म्यापर्यंत म्हाताऱ्या माणसांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू सापडतात. मग चार्ट उलगडून बघितला तर गुडघ्यासाठी नवीन कोडीन (दुखण्यावरची गोळी, तिने पोट गच्च होतं) सुरू झालेलं, पोट साफ नाही, पाणी जेमतेम. जीपीची (इथला फॅमिली डॉक्टर) दर आठवड्याची राऊंड असते (२०२० पासून ती सगळ्या केअर होम्ससाठी ठरलेली आहे), त्यात गोळी बदलली, लॅक्सेटिव्ह दिलं, आणि आम्ही जेली, सूप, कलिंगड जे घशाखाली उतरेल ते देत राहिलो. ती बया चार दिवसांत पुन्हा बिंगोत भांडायला हजर!

पडल्यावरचं वेगळं. डोक्याला लागलंय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे तर ९९९, चर्चाच नाही. पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं, हलवायचं नाही. बाकी वेळा हवेने फुगणारी उचलायची गादी आहे, आणि अर्जंट कम्युनिटी रिस्पॉन्सची, म्हणजे जागेवर येऊन तपासणारी, टीम दोन तासांत येते, पण सकाळी ८ ते रात्री ८. रात्री मग १११ (इमर्जन्सी नसेल तेव्हा सल्ल्याचा नंबर), आणि कॉलबॅकची वाट बघत बसायचं. तिथे गाडी अजूनही अडते.

सगळ्यात अवघड रिस्पेक्ट फॉर्म. तो जांभळा कागद, इमर्जन्सीत कोणती ट्रीटमेंट हवी, कोणती नको ते आधी ठरवून लिहायचं. एका मुलीने सरळ विचारलं, 'म्हणजे तुम्ही आईला मरू देणार?' जीपीने शांतपणे सांगितलं की सीपीआर (बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करणं) नको म्हणजे ट्रीटमेंट नको असं नाही, हाड मोडलं तर हॉस्पिटल आहेच, पण शेवटचा न्यूमोनिया असेल तर त्यांना त्यांच्या खोलीतच राहायचंय का, ते आधी त्यांनाच विचारू. आपल्याकडे असं सगळं घरचे ठरवतात, पेशंटला कळूही देत नाहीत, त्यामुळे मला स्वतःला ते ऐकायला जड गेलं. इथे कायदा, मेंटल कपॅसिटी अॅक्ट २००५, सांगतो की माणूस ठरवू शकतो असं धरूनच सुरुवात करायची. त्या फॉर्मबरोबर कपाटात कुलूप लावून शेवटच्या दिवसांची इंजेक्शनं ठेवली जातात, रात्री डिस्ट्रिक्ट नर्स येऊन देते. ती इंजेक्शनं नसती तर नुसत्या कागदाच्या भरवशावर माझी हिंमत झाली नसती.

नवीन लोकांना एक नक्की सांगते, माणूस बरा असताना त्याचं बेसलाइन, म्हणजे त्याचे नेहमीचे आकडे, लिहून घ्या. आमच्या सीओपीडीवाल्या (फुफ्फुसाचा जुनाट आजार) आजोबांचं ऑक्सिजन एरवीच ८९ टक्के असतं आणि त्यांच्यासाठी ८८ ते ९२ चालेल असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. तो कागद पॅरामेडिकच्या हातात दिला नाही तर ८९ बघून तो त्यांना घेऊन जाणार, आणि त्यात त्याची काही चूक पण नाही. आमच्याकडे ही पानं आता मेडिसिन ट्रॉलीच्या वरच्या खणात असतात, ऑफिसला रात्री कुलूप असतं म्हणून.