आमची वाटचाल: "वाट मोकळी करणे, रु. 38,400"

मार्च संपला की आमचे सीए दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, हे "वाट मोकळी करणे" काय आहे आणि ह्याचं बिल कुठाय. बिल नसतंच. वाडीतले आठ-दहा जण, त्यांचे कोयते, पाच-सहा दिवसांची हजेरी (म्हणजे रोजची मजुरी) आणि जेवण. व्हाउचरवर सह्या असतात, दोन अंगठे पण असतात. सीए म्हणतात तुम्ही ट्रेकिंगवाले की पीडब्ल्यूडी. आता ह्यांना काय सांगायचं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू, तेवढंच पुढच्या वर्षी वाचायला देता येईल.

मी चिपळूणचा. डोंगराची ओळख कुठल्या क्लबमुळे वगैरे झाली नाही, महाशिवरात्रीमुळे झाली. आमच्याकडे महाशिवरात्रीला चोरवण्याहून नागेश्वराला चढायची पद्धत आहे, वर सह्याद्रीच्या ऐन कड्यात गुहा आहे आणि आत पिंडीवर छतातून थेंब थेंब पाणी पडत असतं. वडील मला पहिल्यांदा घेऊन गेले तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन, पायात स्लीपर, खिशात शेंगदाणे आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डबा वडिलांच्या पिशवीत. आजी सत्तरीची, ती अनवाणी आमच्या पुढे. वरून मागे वळून बघितलं तर अख्खं खेड, चिपळूण पायाखाली आणि पलीकडे कोयनेचं जंगल, तेव्हा डोक्यात जो किडा गेला तो अजून आहे.

पुढे लोट्याला एमआयडीसीत नोकरी लागली, शिफ्ट ड्यूटी. नाइट करून आलो की झोपायचं सोडून सॅक उचलून निघायचं, आई म्हणायची ह्याचं लग्न कोण करणार. 2003 मध्ये साठवलेली सगळी रजा एकदम टाकून उत्तरकाशीला निमचा, म्हणजे नेहरू गिर्यारोहण संस्थेचा, बेसिक कोर्स केला, 28 दिवस. बर्फ पहिल्यांदा तिथेच बघितला. पण खरं सांगू, तिथून परत आल्यावर आपला डोंगर जास्त कळायला लागला, कारण तिथे रोप म्हणजे चढाईचा दोर, गाठी, बिले म्हणजे चढणाऱ्याला दोराने सांभाळणं, सगळं शिकवलं पण दमट हवेत चार तास चढून माणूस घामानेच कसा आडवा होतो ते हिमालयात कोण शिकवणार, ते कोकणातच कळतं. आमच्याकडे डिसेंबरातसुद्धा अकरा वाजले की कातळ तापतो. म्हणून पहिल्या दिवसापासूनचा नियम, माणशी चार लिटर पाणी आणि सॅकमध्ये ओआरएस, नाहीतर गाडीतनं उतरायचं नाही.

2006 ला पहिली पैसे घेऊन नेलेली बॅच. मुंबईचे नऊ जण, माणशी 350 रुपये, जेवणासकट. महिपतगड, सुमारगड, रसाळगड, हे खेड तालुक्यातले तीन गड एका डोंगररांगेवर आहेत, वाडी बेलदारकडून चढायचं, महिपतला पारेश्वराच्या देवळात मुक्काम, मग डोंगराच्या धारेने सुमार आणि शेवटी रसाळला झोलाईच्या देवळाशी. बायकोने तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं आणि सुकटीची चटणी बांधून दिलेली. शेवटी हिशोब केला तर 140 रुपये लॉस. पण त्यातल्या दोघांनी पुढच्या महिन्यात ऑफिसातले बाराजण पाठवले. 2009 ला नोकरी सोडली, शॉप अॅक्टचं लायसन काढलं, बाजारपेठेत एक गाळा भाड्याने घेतला. सासऱ्यांनी सहा महिने बोलणं सोडलेलं, ते जाऊ दे.

आता मुद्द्यावर येतो, 2012. ह्या वर्षाबद्दल मी कधी जाहिरातीत लिहिलं नाही पण वाटचाल म्हटली की हे टाळून कसं चालेल. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, पाऊस नुकताच गेलेला, चौदा जणांची बॅच. मी त्या वाटेवर वीसेक वेळा तरी गेलेलो त्यामुळे आधी जाऊन वाट बघून आलो नाही. माजच म्हणा. महिपतवरून सुमारकडे निघालो आणि तासाभराने वाटच गायब. गवत डोक्याच्या वर, त्यात कारवीचं, म्हणजे काठ्यांसारख्या उंच झुडपांचं, रान असं दाट की हात घातला तर हात दिसत नाही, मी इकडून घुसतो तिकडून निघतो, परत त्याच दगडापाशी. चार वाजले, पाच वाजले, एका ताईंच्या पायात गोळे यायला लागले. सहाला मी सरळ सांगितलं की आता इथेच बसायचं, अंधारात हलायचं नाही. चौदा माणसांत साडेतीन लिटर पाणी उरलेलं, झाकणाने मोजून दिलं. रात्रभर कोणी मला शिव्या दिल्या नाहीत ह्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

सकाळी खालून घंटेचा आवाज आला, म्हशी. धनगरवाड्यावरचे एक काका, साठीच्या पुढचे, खांद्यावर घोंगडी. मी म्हटलं काका वाट कुठं गेली. ते हसले, म्हणाले, "वाट हाय तितंच हाय बाला. मुंबैला गेली समदी, आता तुडवनार कोन?" मग कोयत्याने सपासप कापत आम्हाला अर्ध्या तासात वाटेवर आणून सोडलं. आम्ही जिथे रात्र काढली तिथून वाट शंभर पावलांवर होती.

खाली आल्यावर सगळ्यांचे पैसे परत दिले आणि पुढच्या रविवारी त्याच काकांकडे गेलो. त्यांनी मला जे सांगितलं ते माझ्या वीस ट्रेकमध्ये कधी डोक्यात आलं नव्हतं. पूर्वी घरांचे कुड, म्हणजे भिंती, कारवीचे असायचे, काठ्या उभ्या बांधायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायचं. दरवर्षी माणसं कारवी कापायला वर यायची, छपरासाठी गवत कापायला यायची, ते डोक्यावर घेऊन उतरायची, म्हणजे वाट आपोआप साफ. आता सगळ्यांची घरं चिऱ्याची नाहीतर सिमेंटची, वर पत्रा नाहीतर स्लॅब, कारवी कापायचं कारणच उरलं नाही. घाटमाथ्यावरचे लोक पूर्वी बाजाराला ह्याच वाटांनी खाली खेडला यायचे, आता रघुवीर घाटातून गाडी जाते, मग कोण कशाला पाय तोडतंय. त्यांचं काही चुकलं नाही, मी त्यांच्या जागी असतो तर मीपण गाडीनेच आलो असतो. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, त्याचे जांभळे फोटो काढायला लोक कुठून कुठून येतात. तीच कारवी बाकीची सहा वर्षं वाट गिळत बसते त्याचा फोटो कोणी काढत नाही 😄

तर तेव्हापासून दसरा झाला की आमचा सीझन कोयत्याने सुरू होतो. वनखात्याला आधी अर्ज, झाडाला हात लावायचा नाही, फक्त गवत आणि वाटेवर आडवी आलेली कारवी. काका पहिली चार वर्षं स्वतः पुढे असायचे, आता त्यांचा मुलगा असतो, तो ठाण्याला सिक्युरिटीत होता, लॉकडाऊनमध्ये गावी आला तो परत गेलाच नाही. आमच्या प्रत्येक बॅचला वाडीतला एक वाटाड्या कंपल्सरी, त्याला आता 1,200 देतो. काहीजण म्हणतात जीपीएस ट्रॅक असताना माणूस कशाला. ट्रॅक सांगतो वाट इथून जाते, वाटेवर आग्या मोहोळ बसलंय ते ट्रॅक नाही सांगत. अशाच एका वाटाड्याने एकदा नुसता वास घेऊन अख्खी बॅच मागे फिरवलेली आणि एका साहेबांना अंगावरचा सेंट धुवायला लावलेला.

सेफ्टीचं जरा लिहितो, कारण फोनवर हे कोणी विचारत नाही, सगळे विचारतात जेवणात काय. सुमारगडाच्या शेवटच्या टप्प्यात कातळ आहे, तिथे नवख्या माणसाला रोपशिवाय सोडत नाही, आत्मविश्वास कितीही असू दे. आणि कोकणातला खरा धोका पायाखाली असतो, फुरसं, विषारी साप. वीतभर-हातभर लांब, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, दगडाखाली बसतं, मातीच्या रंगाचं. ट्रेकच्या आदल्या दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन करून सर्पदंशाचं इंजेक्शन शिल्लक आहे ना ते विचारायचं, हे काम बायकोकडे आहे, तिला तिथल्या सिस्टर आता आवाजावरून ओळखतात. विंचवाचं भय मात्र आमच्या लहानपणाइतकं राहिलं नाही, महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीवर जे काम केलं त्याने आमच्या भागातली किती माणसं वाचली. आजी त्यांचं नाव देवासारखं घ्यायची.

एप्रिल-मेमध्ये डोंगरात माणसं नेणं म्हणजे छळ, त्यामुळे उन्हाळ्यात समुद्र. गुहागर ते वेळणेश्वर, हेदवी असं पहाटे चालायचं, हेदवीची बामणघळ, म्हणजे समुद्राकाठच्या कातळातली अरुंद भेग, भरतीच्या वेळेला गाठायची म्हणजे पाणी कसं उसळतं ते दिसतं, पुढे तवसाळहून फेरीबोटीने जयगड. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं कोष्टक महत्त्वाचं. वेळासला कासवांची पिल्लं सोडतात तेव्हा दोन बॅच, आणि राजापूरकडे सड्यावरची कातळशिल्पं, बारसू, देवीहसोळ. 2022 ला ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली तेव्हापासून त्याची विचारणा चांगली वाढलीय. घर चालतं ते खरं तर ह्या किनाऱ्यावरच, डोंगर आमचा हौसेचा आणि जेमतेम बरोबरीचा.

2020 आणि 21 बद्दल थोडक्यात, कारण सगळ्यांचंच सारखं. मार्चमध्ये लॉकडाऊन, 3 जूनला निसर्ग वादळ, दापोली-मंडणगडला ज्या घरांत आम्ही माणसं उतरवायचो त्यांचे पत्रे, माडपोफळी सगळं गेलं. जरा सावरतोय तर 22 जुलै 2021, वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत. आमचा गाळा माळ्यासकट पाण्यात. टेंट, सॅक, स्लीपिंग बॅग धुऊन काही वाचल्या पण रोप नाही वाचवता आले. दिसायला चांगले होते, पण गाळाची बारीक रेती आत शिरली की ती आतले धागे कापत राहते आणि त्या पाण्यात डिझेलपासून काय काय होतं कोणास ठाऊक. अकरा रोप मी स्वतः तुकडे करून टाकले, न जाणो कोणी उचलून वापरला तर. ते तुकडे वाडीत वाटले, आज तिथल्या निम्म्या विहिरींवर आणि गुरांच्या गळ्यात आमचे रोप आहेत, निळे-नारिंगी, लांबूनच ओळखू येतात. सव्वादोन लाखांचा फटका होता. त्यावर्षी जुन्या ट्रेकर लोकांनी पुढच्या ट्रेकचे पैसे आधीच भरले, काहींनी तर ट्रेकची तारीख पण विचारली नाही.

आता सगळे म्हणतात वाढव. सोशल मीडियावर 799 रुपयांत दोन-दोन बस भरून माणसं नेणारे आहेत, एका पावसाळ्यात आमच्या चार वर्षांएवढी. मी एकदा तसल्या गर्दीत गडाच्या पायऱ्यांवर दीड तास उभा होतो, खाली उतरणारे आणि वर चढणारे एकमेकांकडे बघत. आमची बॅच पंधराच्या वर जात नाही कारण महिपतच्या देवळात त्याहून जास्त माणसं नीट झोपत नाहीत, एवढं साधं कारण आहे. 2025 ला युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले आले, त्यात आमच्या जवळचा सुवर्णदुर्ग पण आहे, आनंद झालाच. पण आमचे तीन त्यात नाहीत हे बघून मी आणि काकांचा मुलगा दोघंही एकमेकांकडे बघून हसलो, बरं झालं म्हणून. धंदेवाल्याने असं बोलू नये खरं तर.

यंदा खेडकडून हातलोटला चढणारी घाटवाट हातात घेतलीय. खालचा निम्मा भाग मोकळा झाला, वरच्या नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, मोठी झाडं आडवी पडलीत, ती हलवायला परवानगीचा कागद यायचाय. अजून तीन-चार दिवसांचं काम आहे आणि कोयते चालवणारे हात सहाच आहेत, दोघं भातकापणीला गेले. कोणाला दिवाळीनंतर यायचं असेल तर या, फी नाही, हजेरी पण नाही, जेवण आमच्याकडे. फुल बाह्यांचा शर्ट घाला, कारवी खाजते.