रू काडे क्रमांक १६: पॅरिसमधलं एक दार आणि त्यातून आत आलेली माणसं

पॅरिसच्या नवव्या विभागात, मेट्रोच्या सात नंबरच्या मार्गावर काडे नावाचं स्टेशन आहे. वर आलं की जवळच रू काडे लागते. गजबजलेली गल्ली, चीजची दुकानं, फळवाले, कॉफी पीत बसलेली माणसं. त्याच रांगेत १६ क्रमांकाला धातूच्या दर्शनी भिंतीची एक आधुनिक इमारत उभी आहे. एखाद्या विमा कंपनीची कचेरी वाटावी अशी. ‘ग्राँ ओरियाँ द फ्राँस’ या फ्रान्समधल्या सर्वात मोठ्या फ्रीमेसन संघटनेचं हे मुख्यालय, आणि आतच त्यांचं संग्रहालय.

फ्रीमेसन म्हणजे दीक्षा घेऊन एकमेकांना बंधू मानणाऱ्या सभासदांची जुनी संघटना. तिचं नाव काढलं की आपल्याकडे अजूनही कुजबुज सुरू होते. मुंबईत फोर्टमधल्या फ्रीमेसन्स हॉलवरून जाताना ‘आत काय चालतं कोण जाणे’ असं बोलणारे मी लहानपणापासून ऐकले आहेत. पण मला इथे यायचं होतं ते गूढ उकलायला नव्हे. देव न मानणाऱ्या माणसालाही आमच्यात जागा आहे, असं मेसन लोकांनी १८७७ साली या शहरात ठरवलं. उदारमतवादी फ्रीमेसनरी ज्याला म्हणतात तिचं वेगळेपण त्या ठरावातून पक्कं झालं. ही गोष्ट कशी घडली ते मला पाहायचं होतं.

संग्रहालय छोटं आहे, पण ऐवज मोठा. १७२३ साली लंडनमध्ये छापलेली अँडरसनची घटना, म्हणजे मेसनांची नियमावली, इथे आहे. जगभरच्या लॉजचे, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखांचे, नियम तिच्यावर बेतलेले आहेत. काही वर्षांतच ही चळवळ इंग्लंडहून फ्रान्समध्ये आली. १७३८ मध्ये पोपने तिचा निषेध केला, तरी ती वाढतच गेली आणि १७७३ मध्ये ग्राँ ओरियाँ हे नाव रूढ झालं.

मी सर्वात जास्त वेळ थांबले ती व्हॉल्तेरच्या ॲप्रनपाशी. मेसन लोक सभेत कमरेला बांधतात तसा हा ॲप्रन. ७ एप्रिल १७७८ रोजी, ८३ वर्षांचा व्हॉल्तेर बेंजामिन फ्रँकलिनच्या हाताचा आधार घेत ‘नऊ भगिनी’ नावाच्या लॉजमध्ये आला आणि त्याने दीक्षा घेतली. तत्त्वज्ञ एल्वेस्यूसचा ॲप्रन त्याला बांधण्यात आला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तो गेला. आयुष्यभर धर्मांधतेशी झुंजलेल्या माणसाला शेवटच्या दिवसांत या मंडळींमध्ये बसावंसं वाटलं, हे मला फार बोलकं वाटतं.

इथे मला एका मुंबईकराची आठवण झाली. माणेकजी कर्सेटजी. मुंबईच्या लॉजमध्ये तेव्हा सगळे गोरे, आणि या पारशी गृहस्थाला त्यांनी मतदानात नाकारलं. माणेकजी युरोपला गेले आणि १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या ‘आ ला ग्लुआर द ल्युनिव्हेर’ या लॉजमध्ये मेसन झाले. पुढे १८४३ साली मुंबईत डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज निघाली, ती खास भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून. म्हणजे स्वतःच्या गावात बंद असलेलं दार माणेकजींना आधी पॅरिसने उघडून दिलं. याच माणेकजींनी १८६३ मध्ये मुंबईत मुलींसाठी अलेक्झांड्रा इंग्लिश इन्स्टिट्यूशन काढली.

आता १८७७. ग्राँ ओरियाँच्या घटनेत ईश्वराचं अस्तित्व आणि आत्म्याचं अमरत्व मानण्याची अट होती, पण ती काही अनादी काळापासूनची नव्हती; १८४९ मध्येच घातलेली होती. मधल्या काळात फ्रान्स बदलला. प्रजासत्ताक नुकतंच उभं राहत होतं आणि चर्च राजेशाहीवाद्यांच्या बाजूने होतं. १८७५ मध्ये राजकारणी जुल फेरी आणि कोशकार लित्रे हे दोघे एकाच दिवशी मेसन झाले. त्याच फेरीने १८८१-८२ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचं आणि धर्मनिरपेक्ष केलं. असे लोक लॉजमध्ये येत असताना दारात श्रद्धेची अट ठेवणं कठीणच होतं.

अट काढावी म्हणून १८७७ च्या सप्टेंबरमधल्या अधिवेशनात अहवाल मांडला तो फ्रेदेरिक देमोन्स यांनी. हे देमोन्स स्वतः प्रोटेस्टंट पाद्री! धर्माचे सिद्धांत सांगण्याचं काम चर्चकडे असू द्या, ते आपलं काम नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या मागे फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांनी सोसलेल्या छळाचा इतिहास होता. दुसऱ्याच्या श्रद्धेची सक्ती म्हणजे काय, हे अल्पसंख्याकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. ठराव मंजूर झाला. संपूर्ण विचारस्वातंत्र्य आणि मानवी एकजूट ही तत्त्वं राहिली, आणि कोणालाही त्याच्या श्रद्धेवरून वगळायचं नाही हेही राहिलं. नास्तिक व्हा असं त्यात कुठेच नव्हतं. तरीही इंग्लंडच्या ग्रँड लॉजने संबंध तोडले, आणि ती फूट आजही मिटलेली नाही.

ही मंडळी स्वतःच्या तत्त्वाला नेहमी जागली असं मात्र नाही. १९०४ मध्ये उघड झालं की युद्धमंत्री जनरल आंद्रे यांच्यासाठी लॉजांमधून सैन्याधिकाऱ्यांची गुप्त टिपणं गोळा होत होती. कोण प्रार्थनेला जातो, कोणाची मुलं मिशनच्या शाळेत आहेत, यावर बढत्या ठरत होत्या. विचारस्वातंत्र्य मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या श्रद्धेची नोंदवही ठेवावी, याला माझ्याकडे काही समर्थन नाही. पंतप्रधान कोंब यांचं सरकार त्या धक्क्यातून सावरलं नाही; जानेवारी १९०५ मध्ये गेलं. त्याच वर्षी ९ डिसेंबरला चर्च आणि राज्य वेगळं करणारा कायदा झाला. लॉजांनी कित्येक वर्षं याच मागणीचा पाठपुरावा केला होता.

पुढे याद्या उलट्या दिशेने तयार झाल्या. जर्मनीपुढे शरणागती पत्करून त्यांच्याशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारच्या १३ ऑगस्ट १९४० च्या कायद्याने गुप्त संघटनांवर बंदी आली. त्याच ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या पेती पाले या कलासंग्रहालयात मेसनांची बदनामी करणारं प्रदर्शन भरलं. १९४१ पासून पदाधिकाऱ्यांची नावं सरकारी राजपत्रात छापली जाऊ लागली, आणि शिक्षक, कारकून, अधिकारी नोकऱ्यांना मुकले. रू काडेमधले कागद जर्मनांनी उचलून नेले, मग ते रशियनांच्या हाती लागून मॉस्कोला गेले, आणि २००० च्या सुमारास कुठे परत आले. संग्रहालयात जे दिसतं ते एवढ्या लुटीतून उरलेलं आणि परत मिळालेलं आहे, हे कळल्यावर मी कपाटं पुन्हा एकदा सावकाश पाहिली.

दुपारी पाच नंबरच्या मेट्रोने सँ-मार्सेलला उतरून रू जुल-ब्रेताँ गाठली. तिथे क्रमांक ५ ला ‘ल द्र्वा युमँ’ची, म्हणजे ‘मानवी हक्क’ या संघटनेची इमारत आहे. दर्शनी भाग इजिप्शियन मंदिरासारखा, आणि त्यावर कोरलेलं आहे की मानवजातीत स्त्रीची कर्तव्यं पुरुषाइतकीच आहेत, तेव्हा कुटुंबात आणि समाजात तिला हक्कही तितकेच मिळायला हवेत. भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वाचता येईल असं. मला तर सकाळच्या सगळ्या काचेच्या कपाटांपेक्षा ही एक भिंत मोठी वाटली.

कारण देवाची अट काढणाऱ्यांनी स्त्रियांची बंदी तशीच ठेवली होती. १४ जानेवारी १८८२ रोजी पॅरिसजवळच्या ल पेकमधल्या एका लॉजने हिंमत करून लेखिका आणि वक्त्या मारिया दरेम यांना दीक्षा दिली. त्यावर एवढा गहजब झाला की ती लॉजच मागे हटली. मारियाबाईंनी अकरा वर्षं वाट पाहिली आणि १८९३ मध्ये जॉर्ज मार्तँ या डॉक्टर मित्राबरोबर स्त्री-पुरुष दोघांसाठी ही नवी संघटना काढली. पुढच्याच वर्षी त्या वारल्या. १९०२ मध्ये ॲनी बेझंट यांनी पॅरिसलाच या संघटनेची दीक्षा घेतली आणि तिच्या शाखा भारतातही काढल्या. होमरूलवाल्या बेझंटबाई आपण टिळकांच्या संदर्भात शाळेत शिकतो, त्यांची ही बाजू मला तरी कोणी शिकवली नव्हती.

ग्राँ ओरियाँने स्त्रियांना घेण्याची मुभा आपल्या लॉजना दिली ती थेट २०१० मध्ये. मारियाबाईंच्या दीक्षेनंतर १२८ वर्षांनी! देवाचा प्रश्न ज्यांनी एका अधिवेशनात निकाली काढला, त्यांना बाईचा प्रश्न सोडवायला एवढा काळ लागला. वाद घालून घालून जे लोक इतके कायदे घडवतात, त्यांनी हा वाद इतका लांबवावा याचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

वेळ असेल तर सतराव्या विभागातल्या एपिनेत बागेतही जा. तिथे मारिया दरेम यांचा पुतळा आहे. मूळ पुतळा युद्धकाळात धातूसाठी वितळवला गेला. आजचा १९८३ मध्ये पुन्हा ओतवून बसवलेला आहे. फ्रेंच येत नसेल तर संग्रहालयात फोनवर भाषांतराची सोय हाताशी ठेवा, आणि रू जुल-ब्रेताँवरचा कोरीव मजकूर रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभं राहून वाचा. तिथून तो पूर्ण दिसतो.