केडगावची उपासना
आज केडगावच्या मुक्ती मिशनमधील उपासनेत योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय वाचला गेला. शेजारच्या आजी जीर्ण बायबलातील ओळीवरून बोट फिरवत ‘नव्याने जन्मले पाहिजे’ असे येशूने सांगितल्यावर निकदेम या यहुदी धर्मपुढाऱ्याने त्याला विचारलेला प्रश्न पुटपुटत होत्या: म्हातारा झालेला मनुष्य पुन्हा कसा जन्मेल? मला याच मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई आठवल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले, आणि हे प्रांजळपण मला त्यांच्या संस्कृत पांडित्याहूनही थोर वाटते. तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, हे पुण्याईने कमवायचे नसून देवाच्या कृपेने, केवळ विश्वासाने स्वीकारायचे असते, हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी उमगले. प्रभूने माझ्याही अंतःकरणात नव्या जन्माचे हे कार्य करावे, अशी मी आज मनापासून प्रार्थना केली.