सहावीतल्या ताईच्या मागे

जपानमध्ये सरकारी प्राथमिक शाळेत मुलांना सोडायला आईबाप जात नाहीत. गाडीने तर नाहीच नाही. पहिलीतलं सहा वर्षांचं पोर पाठीवर ते जाडजूड, चौकोनी दप्तर लटकवून चालत निघतं. हे ऐकल्यावर आईने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "अगं, आणि तुझा जीव घरात थाऱ्यावर राहतो?"

राहतो, कारण लेक एकटी जात नाही. आम्ही नागोयाजवळ, आयची प्रांतात राहतो. इथे बऱ्याच गावांत 'त्सूगाकुदान' असतात, म्हणजे आसपासच्या गल्ल्यांतल्या मुलांचे शाळेत जायचे गट. सकाळी ठरलेल्या कोपऱ्यावर सगळी जमतात आणि रांगेने निघतात. पुढे हातात पिवळा झेंडा घेतलेलं सहावीतलं कुणीतरी, त्याच्या पाठोपाठ पहिली-दुसरीची चिल्लीपिल्ली, शेपटाला पुन्हा एखादं मोठं मूल. पहिलीवाल्यांच्या दप्तरावर पिवळं कव्हर असतं, गाडीवाल्याला लांबूनच कळावं म्हणून.

लेक पहिलीत असताना आमच्या गटाची प्रमुख एक सहावीतली मुलगी होती. जूनमधला पाऊस म्हणजे इथला 'त्सुयू', दिवसदिवस रिपरिप. अशाच एका सकाळी आमच्या बाईसाहेब मोजे भिजले म्हणून रस्त्यात ठाण मांडून उभ्या राहिल्या. मी गॅलरीतून बघत होते, आता धावत खाली जावं लागणार असं वाटत होतं. त्या ताईने ना समजूत घातली, ना डोळे वटारले. हिची वाकडी झालेली छत्री सरळ केली, समोरच्या विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं आणि काहीतरी म्हणाली. संध्याकाळी लेकीकडून कळलं: "फक्त त्या खांबापर्यंत चल म्हणाली." मग त्याच्या पुढचा खांब, मग त्याच्याही पुढचा. असं करत शाळा आली. हेच मी सांगितलं असतं तर रडारड ठरलेली. आईचं सांगणं म्हणजे हुकूम आणि ताईचं सांगणं म्हणजे मोठ्यांच्या टोळीत मिळालेली जागा. आता लेकीच्या मनात एकच आहे, सहावीत गेल्यावर हातात तो पिवळा झेंडा घेऊन आपण पुढे चालायचं. त्यासाठी ती आत्तापासून वेळेवर उठते. माझ्या कुठल्याही भाषणाने हे झालं नसतं.

मोठी माणसं या सगळ्यात कोपऱ्यावर उभी असतात, अक्षरशः. चौकाचौकात झेंडा धरून उभं राहायची पालकांची पाळी लागते, तिचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीलाच घरी येतो. शिवाय चकाकणारं जाकीट घातलेले आजोबा-आजी असतात, ते स्वखुशीने. आमच्या चौकातल्या आजोबांना प्रत्येक पोराची चाल पाठ आहे. कोण काल आलं नव्हतं, कुणाचा दात पडलाय, सगळं. मात्र ते आमच्या घरी कधी आलेले नाहीत आणि येतील असंही वाटत नाही. आपल्याकडे शेजारच्या काकू थेट स्वयंपाकघरात येऊन "पोरगी वाळलीय हो" म्हणतात. इथे आपुलकी दाराबाहेरच थांबते, पण रोज ठरल्या वेळी हजर असते.

वाटेत काही घरांवर, दुकानांवर 'कोदोमो ११० बान' असा फलक किंवा स्टिकर दिसतो. ११० हा इथला पोलिसांचा नंबर. कुणी मागे लागलं, भीती वाटली, तर मुलाने सरळ त्या दारात शिरायचं. आम्ही एका रविवारी लेकीबरोबर तो सगळा रस्ता चालून कुठली कुठली घरं आहेत ते बघून ठेवलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आणखी एक गंमत. रेडिओवर सकाळी साडेसहाला व्यायामाचं संगीत लागतं. १९२८ पासूनची ही प्रथा आहे. वस्तीतली मुलं डोळे चोळत मैदानात येतात, गळ्यात दोरीने अडकवलेलं कार्ड. व्यायाम संपला की वस्तीतले एक काका प्रत्येकाच्या कार्डावर शिक्का मारतात. शिक्का आल्याबद्दल असतो, हात नीट वर गेले की नाही याबद्दल नाही. पहिला नंबर नाही, शेजारच्याशी तुलना नाही. "बघ, जोश्यांचा मुलगा बघ" ऐकत वाढलेल्या मला हे भारी आवडलं. शेवटच्या दिवशी खाऊची पुडी मिळते, पण लेकीला ओढ त्या शिक्क्याचीच.

आता दुसरी बाजू. पालक-शिक्षक संघ, इथे सगळे 'पीटीए'च म्हणतात, कागदावर ऐच्छिक. प्रत्यक्षात नाही म्हणायची हिंमत फार थोड्यांना होते. कामं वाटायची वेळ आली की सभेत माना खाली जातात आणि शेवटी दगड-कागद-कात्रीवर निकाल लागतो. झेंड्याच्या पाळीला बहुतेक आयाच दिसतात, त्यातल्या कितीतरी पुढे धावतपळत कामावर जाणाऱ्या. मुलंही घटताहेत. २०२४ साली साऱ्या देशात ७ लाखांहून कमी जपानी मुलं जन्मली. आमच्याच गटाची रांग आखूड होत चाललीय आणि काही ठिकाणी वस्तीतली बालमंडळं बंद पडली आहेत.

आयचीमध्ये ब्राझीलहून आलेली कुटुंबं खूप आहेत. माझ्या पाळीला जोडीला अशीच एक आई असते. दोघींचं जपानी यथातथाच. शाळेच्या चिठ्ठीचा फोटो काढून फोनवर भाषांतर करायचं, मग दोघींनी मिळून अर्थ लावायचा. त्यातून ओळख वाढली आणि आता मला ऑफिसात उशीर झाला तर लेक तिच्याकडे थांबते. तिचा नवरा रात्रपाळीला असला की तिचा धाकटा आमच्याकडे.

आणि कुणाचीच ओळख नसेल त्यांच्यासाठी नगरपालिकेचं 'फॅमिली सपोर्ट सेंटर' आहे. मूल सांभाळायला तयार असलेल्या शेजाऱ्यांची तिथे नोंद असते, तासाचे पैसे ठरलेले. आईला हे अजिबात पटलं नाही. "शेजारणीला पैसे द्यायचे?" मी म्हटलं, द्यायचे, म्हणूनच दुसऱ्यांदा फोन करायला संकोच वाटत नाही. त्यावर ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं नाहीच.

मुलांना घेऊन इकडे यायचं ठरत असेल तर घर बघताना स्टेशन किती जवळ हे विचाराच, पण जवळची शाळा कुठली, आपली गल्ली कुठल्या गटात येते आणि सकाळी मुलं कुठल्या कोपऱ्यावर जमतात हेही विचारा.